घरगुती टाकीतील मिशाळ पाहुणे : कोरीडोरास माशांचे पालन व प्रजनन

घराच्या ओसरीत वा शाळेच्या वर्गात काचेची एक टाकी असावी, तीत हिरवी पाणवनस्पती डुलत असावी आणि रंगीत मासे फिरत असावेत, ही हौस आता शहरांपुरती राहिलेली नाही. तालुक्याच्या बाजारपेठेतही शोभिवंत माशांची दुकाने दिसू लागली आहेत. मुलांच्या आग्रहाखातर टाकी घरी येते, आठ-दहा दिवस कौतुक होते आणि मग एकेका सकाळी एकेक मासा पोट वर करून तरंगताना आढळतो. महिन्याभरात रिकामी टाकी माळ्यावर जाते. यात पैसा वाया जातो ही गोष्ट लहान. मुलाच्या हातून एक जीव गेला आणि तो का गेला हे त्यास कोणीच सांगू शकले नाही, ही गोष्ट लहान नव्हे.

प्रस्तुत लेखकाचा अनुभव याहून वेगळा नव्हता. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत मुलीसाठी टाकी आणली. त्याच सायंकाळी ती भरली, त्याच सायंकाळी तीत चार लहान मिशाळ मासे सोडले. विक्रेत्याने सांगितले होते, "हे मासे टाकी साफ ठेवतात, यांना वेगळे काही घालावे लागत नाही." नवव्या दिवशी चौथाही मासा गेला. "बाबा, पाणी तर स्वच्छ दिसतं आहे," असे मुलगी म्हणाली. पाणी खरोखरच स्वच्छ दिसत होते. दिसणारे स्वच्छ पाणी आणि माशाला मानवणारे पाणी यांतील अंतर समजण्यास पुढे बरेच वाचावे व विचारावे लागले. तीच माहिती येथे क्रमाने दिली आहे.

हे मासे कोणते?

मार्जारमीन म्हणजे मांजराप्रमाणे मिशा असलेले मासे. या मोठ्या गटातील कित्येक जाती आपल्या नद्यांत, खाड्यांत व समुद्रात आहेत. परंतु शोभेच्या टाकीत ठेवले जाणारे कोरीडोरास हे दक्षिण अमेरिकेतील लहान मार्जारमीन होत. लासेपेद या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८०३ साली या प्रजातीस हे नाव दिले. त्यातील ग्रीक शब्दांचा रोख शिरस्त्राण व कातडे यांकडे आहे, आणि ते नाव सार्थ आहे. या माशांच्या अंगावर सामान्य खवले नसतात. दोन्ही बाजूंस हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोन ओळी चिलखतासारख्या बसलेल्या असतात.

आपल्याकडील दुकानांत सहज मिळणाऱ्या जाती दोन. पहिली कांस्यवर्णी, म्हणजे कोरीडोरास एनियस. हिची शास्त्रीय नोंद १८५८ साली त्रिनिदाद येथील नमुन्यांवरून झाली. दुसरी ठिपकेदार, म्हणजे कोरीडोरास पॅलिएटस. चार्ल्स डार्विन यांनी 'बीगल' जहाजाच्या सफरीत गोळा केलेल्या माशांवरून जेनिन्स यांनी १८४२ साली हिचे वर्णन केले. २०२४ साली शास्त्रज्ञांनी या गटाची नव्याने विभागणी केली असून पहिली जात ऑस्टिओगॅस्टर व दुसरी हॉप्लिसोमा या प्रजातीत घातली आहे. बाजारात मात्र जुनेच नाव चालते, म्हणून येथेही तेच ठेवले आहे. याशिवाय पांडा व स्टर्बाय या देखण्या जाती आणि जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर वाढणारी पिग्मी ही जातही मिळते.

कांस्यवर्णी मादी सहा ते सात सेंटीमीटर वाढते. नर थोडा लहान व सडपातळ असतो. नीट जपल्यास हे मासे दहा वर्षांच्या आसपास जगतात. म्हणजे इयत्ता पहिलीतील मुलाने आणलेला मासा त्याच्या शालान्त परीक्षेपर्यंत सोबत करू शकतो. हौस करण्यापूर्वी हा हिशेब ध्यानात घ्यावा.

त्यांच्या सवयी

कोरीडोरास तळाशी राहतो. मिशांनी वाळू चाचपीत, तीत नाक खुपशीत तो अन्न शोधतो. वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. म्हणून तळाशी धारदार खडी घातल्यास मिशा सोलवटतात, जखमेत जंतू शिरतात व पुढे मिशा झडून जातात. बारीक, गुळगुळीत वाळू ही या माशाची पहिली गरज आहे.

दुसरी सवय नवशिक्यास चकित करते. तळाशी निवांत असलेला मासा एकाएकी बाणासारखा वर येतो, पृष्ठभागावर हवेचा घोट घेतो आणि तितक्याच वेगाने खाली जातो. हा आजार नव्हे. गिळलेल्या हवेतील प्राणवायू हा मासा आतड्याच्या मागील भागातून शोषून घेतो. उथळ, कोंडलेल्या पाण्यात तगून राहण्याची ही निसर्गाने दिलेली सोय होय. मात्र सर्वच मासे वारंवार वर येऊ लागले तर पाण्यात प्राणवायू कमी पडतो आहे किंवा पाणी बिघडले आहे असे समजून तत्काळ काही पाणी बदलावे. टाकी काठोकाठ न भरता वर चार-पाच सेंटीमीटर मोकळी हवा ठेवावी आणि झाकणही ठेवावे.

तिसरी गोष्ट त्यांच्या काट्यांची. पाठीवरील व बाजूंच्या परांचे पुढील काटे ताठ करून ते तसेच अडकवून ठेवता येतात. जाळीत धरल्यास काटे गुंततात व सोडविताना मासा जखमी होतो. काटा बोटास लागल्यास सौम्य विषामुळे काही वेळ चुरचुरते. म्हणून मासा पकडताना जाळीऐवजी पाण्यात बुडविलेले भांडे वापरावे.

हा मासा कळपाने राहणारा आहे. एक-दोनच ठेवल्यास तो कोपऱ्यात दडून बसतो. एकाच जातीचे किमान सहा मासे असावेत. असा कळप सायंकाळी वाळूवरून फिरू लागला, की मधूनच एखादा मासा डोळा खाली फिरवतो आणि पाहणाऱ्यास त्याने डोळा मिचकावल्याचा भास होतो. लहान मुलांना या माशाचा लळा लागतो तो बहुधा यामुळेच.

'साफसफाई करणारा मासा' हा गैरसमज

कोरीडोरास टाकी साफ ठेवतो, या समजुतीने असंख्य मासे उपाशी मेले आहेत. तो इतर माशांची विष्ठा खात नाही. काचेवरील शेवाळही खात नाही. वर तरंगणारे अन्न बाकीचे मासे संपवितात आणि तळाशी राहणाऱ्याच्या वाट्यास काही येत नाही. त्यास बुडणाऱ्या गोळ्यांचे स्वतंत्र अन्न दिवे मालवण्याच्या सुमारास द्यावे. अधूनमधून गोठविलेले वा जिवंत सूक्ष्म जीव द्यावेत. गटारातून गोळा केलेले लाल किडे रोग आणतात, ते टाळावेत. अर्ध्या तासात संपेल इतकेच अन्न घालावे.

टाकीची पूर्वतयारी

साठ सेंटीमीटर लांब, तीस रुंद व तीस उंच अशी टाकी नवशिक्यास योग्य. तीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन ५४ किलो होते. टाकीखालचे टेबल तितके भक्कम असावे. टाकीवर थेट ऊन पडू नये.

वाळू नदीची, बारीक व अनेक पाण्यांनी धुतलेली असावी. किनाऱ्यावरील वाळू आणू नये. तीत शंख-शिंपल्यांचा चुरा असतो व तो पाणी कठीण करीत राहतो. शंका असल्यास वाळूवर शिर्क्याचे काही थेंब टाकावेत. फसफसल्यास ती वाळू बाजूस ठेवावी. दोन-तीन गुळगुळीत दगड, लाकडाचा जुना ओंडका व व्हॅलिस्नेरियासारखी सोपी वनस्पती एवढी सजावट पुरे. हवेच्या पंपावर चालणारा स्पंजाचा गाळक स्वस्त असून या माशांस उत्तम मानवतो.

आता मूळ मुद्दा. माशाच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. तो विषारी असतो, परंतु पाण्याचा रंग बदलत नाही. निसर्गात काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे जीवाणू त्याचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. शेतकरी बंधूंना नत्राचे हे चक्र जमिनीच्या संदर्भात परिचित आहे. टाकीतही तेच चालते. नव्या टाकीत मात्र हे जीवाणू नसतात. ते गाळकाच्या स्पंजावर व वाळूवर वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. लेखकाच्या टाकीतील मासे मेले ते याच कारणाने. मुलीस स्वच्छ दिसलेले पाणी विषारी होते.

म्हणून टाकी भरून, गाळक चालू करून, रोज माशांच्या अन्नाची चिमूट टाकीत टाकावी. त्या कुजण्यातून निघणाऱ्या अमोनियावर जीवाणू वाढतात. परिचिताच्या निरोगी, जुन्या टाकीतील वापरलेल्या स्पंजाचा तुकडा मिळाल्यास हा काळ पुष्कळ कमी होतो. दुकानात मिळणाऱ्या चाचणी-संचाने पाहता अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही शून्य आली, की टाकी तयार झाली. स्पंज नळाखाली धुऊ नये, क्लोरीनने जीवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळावा.

पाणी : नळाचे, विहिरीचे व उन्हाळ्यातले

नळाचे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात २४ तास उघडे ठेवल्यास त्यातील क्लोरीन उडून जाते. काही ठिकाणी शुद्धीकरणासाठी क्लोरामाइन वापरतात. ते असे उडत नाही, त्यासाठी क्लोरीनरोधक द्रव वापरावा. जांभ्या दगडाच्या मुलखातील विहिरीचे पाणी बहुधा मृदू व किंचित आम्लधर्मी असते. कोरीडोरास माशांस ते मानवते. तथापि सामू सहाच्या खाली गेल्यास उपयुक्त जीवाणू मंदावतात. अशा वेळी चार-दोन स्वच्छ शिंपल्या गाळकाजवळ ठेवाव्यात. वर वाळूच्या बाबतीत जो दोष सांगितला तोच येथे मोजक्या प्रमाणात औषध ठरतो. घाटमाथ्यावरील काळ्या पाषाणाच्या प्रदेशात विहिरीचे पाणी अनेकदा कठीण असते. पाळण्यास ते चालते, प्रजननासाठी त्यात स्वच्छ पावसाचे पाणी मिसळावे. सामू ६ ते ७.५ व तापमान २२ ते २६ अंश सेल्सिअस ही कांस्यवर्णी जातीस सुखाची मर्यादा होय. ठिपकेदार जातीस याहूनही थंड पाणी आवडते, म्हणून आपल्या उष्ण हवेत नवशिक्याने कांस्यवर्णी जातच निवडावी. चैत्र-वैशाखात टाकीचे झाकण किंचित उघडून त्या जागी जाळी लावावी व पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा. बर्फाचे खडे टाकू नयेत.

आठवड्यास एकदा चौथा हिस्सा पाणी बदलावे. या माशांस मीठ व तांब्याची औषधे सोसत नाहीत. दुसऱ्या माशांच्या रोगावर सांगितलेला मिठाचा उपाय येथे करू नये.

नवे मासे आणल्यावर पिशवी पंधरा मिनिटे टाकीत तरंगती ठेवावी, नंतर अर्ध्या तासात थोडे थोडे टाकीचे पाणी तीत घालावे. शेवटी मासे तेवढे सोडावेत. पिशवीतील पाणी टाकून द्यावे. घाबरलेला कोरीडोरास अंगातून विषारी स्राव सोडतो व बंद पिशवीत तो स्वतःच त्याने मरतो. पिशवीतील पाण्यास फेस दिसला तर विलंब न लावता मासे स्वच्छ पाण्यात घ्यावेत.

पहिला पाऊस आणि अंडी

या माशांचे प्रजनन युरोपात फार पूर्वी, १८७८ च्या सुमारास पॅरिस येथे झाले होते. त्यामागील गुरुकिल्ली आपल्या शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही : पाऊस. कोरड्या ऋतूनंतर थंड पावसाचे पाणी नदीत आले, हवेचा दाब उतरला, की हे मासे अंडी घालतात. काचेच्या टाकीतही त्यांस तोच संकेत द्यावयाचा असतो.

सुमारे एक वर्षाचे मासे निवडावेत. वरून पाहता मादी रुंद व गोलसर, तर नर अरुंद दिसतो. एका मादीमागे दोन नर ठेवावेत. दोन आठवडे सकस अन्न द्यावे. मादीचे पोट भरल्यावर टाकीतील निम्मे पाणी काढून त्या जागी दोन ते चार अंश थंड पाणी घालावे आणि पंपाचा जोर वाढवावा. एवढ्याने काम न झाल्यास दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच करावे. लेखकाच्या घरी तीन वेळा प्रयत्न फसला. पुढे जून महिन्यात, बाहेर पहिला पाऊस कोसळत असता पाणी बदलले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने हाका मारून सगळ्या घरास उठविले. समोरच्या काचेवर साबुदाण्याहून लहान, मोत्यासारखी अंडी ओळीने चिकटलेली होती.

मीलनाचा प्रकार विलक्षण आहे. मादी नराच्या पोटाशी तोंड लावते व दोघांची आकृती इंग्रजी 'टी' अक्षरासारखी दिसते. त्याच वेळी ती पोटाखालच्या परांची ओंजळ करून तीत दोन-चार अंडी धरते. जपानी संशोधकांनी १९९५ साली कांस्यवर्णी जातीविषयी असे मांडले, की मादी नराचे रेत गिळते, ते काही सेकंदांत आतड्यातून बाहेर पडते आणि ओंजळीतील अंडी फलित होतात. मग मादी काच वा पान तोंडाने साफ करून तेथे अंडी चिकटविते. काही तास हा क्रम चालतो. एकूण अंडी शंभर ते तीनशेपर्यंत असू शकतात.

पिलांचे संगोपन

अंडी घालून झाल्यावर तेच आई-बाप ती खाऊ लागतात. म्हणून काही तासांनी अंड्यांचे कवच कडक झाले, की स्वच्छ बोटाने ती हळूच गोल फिरवून सोडवावीत आणि टाकीतीलच पाणी भरलेल्या लहान भांड्यात ठेवावीत. भांड्यात हवेचे मंद बुडबुडे चालू ठेवावेत व आपल्या अंगणातील देशी बदामाचे वाळलेले, धुतलेले पान टाकावे. त्याच्या अर्काने बुरशीस आळा बसतो. जी अंडी पांढरी व अपारदर्शक होतील ती फलित नव्हेत. ती रोज वेचून काढावीत, अन्यथा त्यांवरील बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते.

पाण्याच्या उष्णतेनुसार तीन ते पाच दिवसांत पिले बाहेर पडतात. पहिले दोन-तीन दिवस पोटाशी असलेल्या बलकावर ती जगतात. या काळात अन्न घालू नये. त्यानंतर आर्टेमियाची नुकती फुटलेली पिले हे सर्वोत्तम खाद्य. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ घालून, जोराची हवा सोडून आर्टेमियाच्या बीजांडांस २४ ते ३६ तास ठेवल्यास ती फुटतात. कवचे वेगळी करून, पिले गोड्या पाण्याने धुऊन दिवसातून दोन-तीनदा थोडी थोडी घालावीत. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून देण्याची जुनी रीत आहे. पण त्याने पाणी फार लवकर सडते.

पिले मरतात ती बहुधा भुकेने नव्हे, तर घाणीने. उरलेले अन्न रोज बारीक नळीने शोषून काढावे, भांड्याचा तळ पुसावा आणि चौथा हिस्सा पाणी त्याच तापमानाच्या पाण्याने बदलावे. लेखकाकडील पहिल्या खेपेच्या साठ-सत्तर पिलांपैकी अकरा वाचली. दुसऱ्या खेपेस रोजच्या पाणीबदलाचे काम मुलीने अंगावर घेतले, तेव्हा चाळीसहून अधिक वाचली. दोन-अडीच महिन्यांत पिले सुमारे दोन सेंटीमीटर होतात.

शाळांसाठी व जोडधंद्यासाठी

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करून पाहण्यासारखा आहे. साध्या भिंगातून अंड्यातील हलणारा जीव दिसतो. नत्रचक्र, श्वसन व अनुकूलन हे पाठ्यपुस्तकातील धडे टाकीसमोर उभे राहून शिकविता येतात. दीर्घ सुटीत टाकीची जबाबदारी कोणाची, हे मात्र आधीच ठरवावे.

जोडधंद्याविषयी अवास्तव आशा बाळगू नये. एक-दोन टाक्यांत हौस भागते, संसार चालत नाही. अधिक प्रमाणावर करू इच्छिणाऱ्यांनी मत्स्यव्यवसाय खात्याच्या जवळच्या कार्यालयात चौकशी करावी. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यपालनाचाही समावेश करण्यात आला होता. सध्या कोणते साहाय्य उपलब्ध आहे ते कार्यालयातून समजून घ्यावे. गिऱ्हाईक कोण, हे ठरल्यावाचून दुसरी टाकी विकत घेऊ नये.

एक कळकळीची विनंती

हौस सरली, पिले फार झाली वा गावास जावयाचे झाले, तर मासे नदीत, तळ्यात वा विहिरीत सोडण्याचा मोह होतो. त्यात पुण्य आहे अशीही काहींची समजूत असते. कृपया असे करू नये. काचेला चिकटणारा, 'सकर' या नावाने विकला जाणारा दुसरा एक दक्षिण अमेरिकी मार्जारमीन टाकीत मावेनासा झाला म्हणून लोकांनी पाण्यात सोडला, आणि आज तो देशाच्या अनेक राज्यांतील जलाशयांत पसरला आहे. तो जाळी फाडतो, मच्छीमाराच्या हाती विकाऊ मासळीऐवजी काटेरी ओझे देतो आणि स्थानिक माशांच्या अन्नावर व जागेवर हक्क सांगतो. ज्याने पहिला मासा सोडला त्याच्या मनात दयाच होती. त्या दयेची किंमत कोळी बांधव मोजीत आहेत. कोरीडोरास लहान आहे म्हणून त्यास अपवाद करू नये. परक्या माशाबरोबर परके रोगही पाण्यात उतरतात. नको असलेले मासे दुकानदारास परत द्यावेत, शाळेस द्यावेत किंवा दुसऱ्या हौशी माणसास द्यावेत.

टाकीत आणलेला जीव स्वतःहून कोठे जाऊ शकत नाही. त्याचे पाणी, त्याचे अन्न आणि त्याचा शेवट ही तिन्ही आपल्या हाती असतात. टाकी भरून सहा आठवडे ती रिकामी ठेवण्याचा धीर ज्या घरात आहे, त्या घराने हे मासे अवश्य पाळावेत. आणि ज्यास तो धीर नाही, त्याने शेजारच्या टाकीसमोर बसून आनंद घ्यावा.